यादीबाहेरची गरज

छत्रपती संभाजीनगरात मकाई गेटातून खाम नदीवरचा पूल ओलांडला की बेगमपुरा लागतो. तिथून विद्यापीठाच्या गेटापर्यंतचा सगळा पट्टा खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा. बीड, जालना, धाराशिव, कन्नड, सिल्लोड, सोयगाव अशा ठिकाणांहून आलेली मुलं-मुली एकेका खोलीत चौघं-पाचजण राहतात. कुणाचा डबा गावाहून एस.टी.ने येतो, कुणी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून महिन्याचा खर्च भागवतं. या मुलांच्या वाटेवर मी बरीच वर्षं संगणक केंद्र चालवते आहे. पुढच्या खोलीत तासावर मिळणारं इंटरनेट, झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज. मागच्या खोलीत एमएस-सीआयटीचा वर्ग. विद्यार्थ्यांखेरीज बेगमपुऱ्यातली जुनी कुटुंबं येतात, वाळूजला कामाला जाणारे कामगार येतात, कचेरीच्या कामासाठी गावाहून आलेले शेतकरी येतात.

इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी, कंपनीने कुणाला पुढे काढू नये आणि कुणाला अडवू नये, याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. 2015-16 साली देशभर यावर मोठा वाद झाला. तो बहुतेक इंग्रजीत झाला, पण त्यात नाव मात्र सारखं आमच्या भागातल्या लोकांचं घेतलं जात होतं. गरीब माणूस, खेड्यातला माणूस, शेतकरी. या माणसांना इंटरनेटवर नेमकं काय लागतं, ते मी काउंटरच्या अलीकडून रोज पाहत होते. म्हणून तो सगळा काळ मला दिसला तसा लिहून ठेवते आहे.

केंद्र सुरू केलं तेव्हा नेट फोनच्या तारेवरून यायचं. जोडणी व्हायलाच वेळ लागायचा, एक छायाचित्र उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तासाला 20-30 रुपये घेत असू. तरी निकालाच्या दिवशी रांग पायरीच्या खाली जायची. नेट मंद होतं, महाग होतं, सारखं तुटत होतं. पण पैसे वेळेचे घेतले जायचे. त्या तासात समोरचा माणूस काय उघडतो याच्याशी माझ्या दराचा संबंध नव्हता आणि फोन कंपनीच्या बिलाचाही नव्हता. बारावीचा निकाल, दुबईच्या नोकरीची जाहिरात, क्रिकेटचा स्कोअर, सगळं एकाच दरात. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटलंही नाही.

2013-14 च्या सुमारास मुलांच्या हातात स्वस्त स्मार्टफोन आले आणि रिचार्जच्या दुकानांत ‘फेसबुक पॅक’, ‘व्हॉट्सॲप पॅक’ अशा पाट्या लागल्या. पूर्ण नेटचा पॅक परवडत नसे, हे छोटे पॅक थोड्या पैशांत महिनाभर चालत. मुलं खूश होती. माझ्याकडची गर्दी थोडी कमी झाली, त्याचं मला वाईट वाटलं नाही. घरबसल्या काम होतंय तर होऊ दे, असंच वाटलं.

मग एका संध्याकाळी अंबड तालुक्यातला एक मुलगा धापा टाकत आला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याने फोन माझ्यापुढे धरला. “मॅडम, नेट तर चालू हाय. हे बघा, फेसबुक चाललंय. मग ही साइटच का उघडंना? सरकारनं बंद केली का?” मी केंद्रातल्या संगणकावर तीच साइट उघडली. ती व्यवस्थित चालू होती. त्याच्या फोनमध्ये एका कंपनीचा छोटा पॅक होता. त्यात फेसबुक होतं, बाकी काही नव्हतं. ही साइट बंद पडलीय असं धरून तो गप्प बसला होता. खोलीतल्या दोघांनाही त्याने तेच सांगितलं होतं, आणि तेही निवांत होते. त्यांना बोलावून घेतलं. फोटो 50 केबीत बसवला, सही पांढऱ्या कागदावर घेऊन स्कॅन केली, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान असं सगळं चढवलं. रात्री उशिरा तिघांचे अर्ज गेले.

तो मुलगा कंपनीवर चिडला नव्हता, हे माझ्या मनात राहिलं. चिडायचं कारणच त्याला दिसत नव्हतं. वेग कमी असता तर कळलं असतं, पैसे संपले असते तर मेसेज आला असता. इथे सगळं ठीक चाललेलं दिसत होतं आणि दोष त्या साइटवर जात होता. नेटचा थोडासाच भाग हातात आलेल्या माणसाला बाकीचं नेट आहे, हेच दिसत नाही. पुढच्या दोन वर्षांत या विषयावर मी जे काही वाचलं, ऐकलं, ते सगळं मी या मुलाचा चेहरा समोर ठेवून तपासत गेले.

10 फेब्रुवारी 2015 ला फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा भारतात आणली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांत मराठीही होती. तीसेक ठरलेल्या साइट त्या कंपनीच्या ग्राहकांना फुकट. पुढे एप्रिलच्या 6 तारखेला एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ जाहीर केलं. त्यात ज्या साइटचा मालक कंपनीला पैसे देईल ती साइट ग्राहकाला फुकट, बाकीच्यांना नेहमीचा दर. त्याआधी, 27 मार्चला, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने एक चर्चापत्र काढून लोकांची मतं मागवली होती. 118 पानं, 20 प्रश्न. एआयबी या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या मंडळींचा या विषयावरचा व्हिडिओ आमच्या केंद्रातल्या प्रत्येक संगणकावर पाहिला गेला. ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेतून ट्रायला 10 लाखांहून अधिक ईमेल गेले. 14 एप्रिलला फ्लिपकार्ट एअरटेलच्या योजनेतून बाहेर पडलं.

मुलं व्हिडिओ पाहून हसली, पण विचारायलाही लागली. “मॅडम, कंपनीला कसं कळतं आपण काय उघडतोय ते?” मी वर्गात फळ्यावर समजावलं. आपण काहीही पाहिलं तरी ते माहितीच्या छोट्या-छोट्या तुकड्यांत येतं. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला आणि कुठे जायचा याचा पत्ता असतो. ते तुकडे पोचवणं हे कंपनीचं काम. पत्ता वाचून एखाद्याचे तुकडे आधी सोडायचे, एखाद्याचे मागे ठेवायचे किंवा त्याचा हिशेब वेगळा लावायचा, हे तिच्या यंत्रांना सहज जमतं. आज एस.टी.चं तिकीट अंतरावर ठरतं. कंडक्टर तुम्ही कुठल्या दुकानात निघालात हे विचारून तिकीट फाडत नाही. उद्या त्याने एखाद्या दुकानदाराकडून पैसे घेऊन त्याच्या गिऱ्हाइकांना फुकट न्यायला सुरुवात केली, तर गाडी भरेल, पण शेजारच्या छोट्या दुकानदाराचं काय? मुलांना ते लगेच पटलं. त्यातल्या कित्येकांच्या घरी गावात छोटं दुकान होतं.

इंटरनेट डॉट ऑर्गच्या यादीत यायचं असेल तर साइटला काय अटी आहेत, हे फेसबुकने मे 2015 मध्ये जाहीर केलं. ते वाचून मला खरा धक्का बसला. व्हिडिओ नको, इंटरनेटवरून बोलण्याची सोय नको, फाइल पाठवण्याची सोय नको, मोठी छायाचित्रं नकोत. साध्या फोनवर आणि कमी खर्चात चालावं म्हणून या अटी होत्या, हे समजण्यासारखं आहे. पण माझ्याकडे येणारा गरीब माणूस येतो कशासाठी? फाइल चढवण्यासाठी. फोटो, सही, दाखला, मार्कशीट. या राज्यात नोकरी, प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळी दारं अर्जाने उघडतात आणि अर्ज कागदपत्रं चढवल्याशिवाय पुढे सरकत नाही. फाइल न पाठवणाऱ्या नेटवर माझ्या मुलांना बातमी वाचता आली असती, हवामान पाहता आलं असतं. पण त्यांचा अर्ज गेला नसता.

सप्टेंबर 2015 मध्ये या सेवेचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. 9 डिसेंबरला ट्रायने दुसरं चर्चापत्र काढलं. या वेळी फक्त चार प्रश्न होते, आणि पहिलाच मुद्द्याचा होता. वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावायला कंपन्यांना परवानगी असावी का? त्या महिन्यात वर्तमानपत्रांत फ्री बेसिक्सच्या पानभर जाहिराती आल्या. फेसबुक उघडलं की पाठिंब्याचा तयार ईमेल ट्रायला पाठवायचं आवाहन दिसायचं. माझ्या केंद्रातल्या मुलांनाही ते दिसलं. काहींनी बटण दाबलं होतं. गरिबांना नेट मिळावं की नाही, असं कुणी विचारलं तर मिळावं असंच कोणीही म्हणणार.

28 डिसेंबरला मार्क झुकरबर्ग यांचा लेख ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आला. त्यांनी ग्रंथालयांचं, सरकारी दवाखान्यांचं उदाहरण दिलं होतं. ग्रंथालयात सगळी पुस्तकं नसतात, तरी त्याचा उपयोग होतोच ना, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटी त्यांनी महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली होती. फ्री बेसिक्सवर तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, त्याला चांगला भाव मिळतो आणि तो नव्या पिकांत पैसे घालतो आहे. त्याच सुमारास ‘मीडियानामा’चे निखिल पाहवा यांनी दुसरी बाजू मांडली. ते या मोहिमेतलं महत्त्वाचं नाव. मी दोन्ही लेख वर्गात वाचून दाखवले, जमेल तसं मराठीत सांगितलं.

तेव्हा सोयगावकडच्या एका तांड्यावरून आलेली एक मुलगी उभी राहिली. एम.ए. करत होती. ती म्हणाली, “मॅडम, ज्याच्याकडं काहीच नाही, त्याला थोडं मिळालं तर बिघडलं काय? आमच्या तांड्यावर कुणी नेट बघितलंच नाही. त्यांना हवामान तरी दिसंल.” वर्ग शांत झाला. तिचा प्रश्न खरा होता. असा प्रश्न विचारण्याचा अधिकार वर्गात सगळ्यात जास्त तिलाच होता. त्यावर वरवरचं उत्तर देणं मला बरोबर वाटेना. मी म्हटलं, उद्या आपण आपल्याच केंद्रात बघू, लोकांना काय लागतं.

सायबर कॅफेंसाठी 2011 पासून नियम आहेत. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि कुठल्या संगणकावर कोणत्या साइट उघडल्या याची नोंद वर्षभर जपायची. कुणाचंही नाव पुढे येऊ न देता आम्ही एका दिवसाच्या नुसत्या साइटची यादी काढली. ती मुलगी आणि वर्गातली आणखी दोघं-तिघं बसली होती. यादी फळ्यावर उतरत गेली. विद्यापीठाचं वेळापत्रक. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पान. सातबारा. रेल्वेचं तिकीट. पासपोर्टची भेटीची वेळ. हज यात्रेची माहिती. एका कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी. पोलीस भरतीचं प्रवेशपत्र. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. मराठी विश्वकोशातली एक नोंद. पाली भाषेच्या अभ्यासाची एक परदेशी साइट. उर्दू शायरीचं एक पान. आखाती देशातल्या एका कंपनीचं पान. वडिलांच्या मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल एकाने शोधलेली माहिती. मोटार पंपाच्या एका सुट्या भागाची किंमत. मुलीचं लग्न ठरत होतं त्या गावाचा नकाशा.

हवामान होतं, बाजारभाव होता, बातम्या होत्या. पण ते यादीतल्या थोड्याच ओळींत संपलं. उरलेलं सगळं ज्याचं त्याचं वेगळं. मुंबईत, दिल्लीत किंवा अमेरिकेत बसून कोणी कितीही चांगल्या मनाने यादी केली असती, तरी तिच्यात परभणीचं पान आणि पंपाचा सुटा भाग आला नसता. गरीब माणसाची गरज साधी असते, थोडक्यात भागते, असं मानणं हीच या योजनेची मूळ चूक होती. ज्याच्या ओळखी आहेत, ज्याला वकील, डॉक्टर, कारकून माहीत आहेत, त्याचं काम फोनवर होऊन जातं. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्यालाच पूर्ण नेट लागतं. ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “मला लागलेली एक पण साइट त्यांच्या यादीत बसंना.” तिने तिथेच बसून ट्रायला स्वतःचं उत्तर लिहिलं. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आणि खाली कारणं. कारणांत तिने आपल्या तांड्याबद्दल लिहिलं होतं.

माझं उत्तर मी मराठीत लिहिलं आणि खाली त्याचा इंग्रजी गोषवारा जोडला. मुलांच्या उत्तरांना मी हात लावला नाही, फक्त शुद्धलेखन पाहिलं. एकसारखे तयार ईमेल लाखांनी जात होते, म्हणून आमच्याकडून जाणारं प्रत्येक पत्र वेगळं असावं अशी माझी इच्छा होती. ट्रायकडे त्या वेळी सुमारे 24 लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या 18 लाखांहून अधिक फ्री बेसिक्सला पाठिंबा देणाऱ्या होत्या. विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत, असं ट्रायने स्पष्ट म्हटलं. प्रश्नांना धरून लिहिलेल्या पत्रांना किती महत्त्व असतं, हे मुलांना त्यातून शिकायला मिळालं.

8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायचा निर्णय आला. अध्यक्ष आर. एस. शर्मा होते. मजकुरावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. नियम मोडला तर दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाखांपर्यंत. आणीबाणीच्या वेळच्या सेवांना सूट. त्याच आठवड्यात फेसबुकने भारतात फ्री बेसिक्स बंद करत असल्याचं सांगितलं. संध्याकाळच्या वर्गात मी निर्णयाचा सारांश वाचला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. फुकट देण्यालाच ट्रायने विरोध केला, असा गैरसमज तेव्हा पसरला होता आणि अजूनही मी तो ऐकते. प्रत्यक्षात कंपनीने कुणाला ठरावीक डेटा फुकट द्यावा आणि त्यातून त्याने हवं ते उघडावं, याला नियमाची आडकाठी नव्हती आणि नाही. हवं ते उघडता यावं, एवढाच आग्रह होता.

थोडं तरी मिळू दे म्हणणाऱ्यांना उत्तर काळाने दिलं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, बाकीच्या कंपन्यांना दर खाली आणावे लागले. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे 2014 मध्ये एक जीबी डेटा सरासरी 269 रुपयांना पडत होता, 2018 मध्ये 12 रुपयांच्या आत आला. पूर्ण नेट गरिबाला परवडणारच नाही, असं धरून ज्या योजना आखल्या होत्या, त्यांचा आधार दोन वर्षांत गेला. फ्री बेसिक्सची सवय तोवर मुरली असती, तर किती मुलांनी तेवढ्यालाच नेट म्हटलं असतं, हा विचार अजून माझ्या मनात येतो.

स्वस्त डेटा आल्यावर माझं केंद्र ओस पडेल असं लोक म्हणायचे. तसं झालं नाही, कारण कामं त्याहून वेगाने ऑनलाइन गेली. 2017 च्या जूनमध्ये राज्यात कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. त्या पावसाळ्यात शेतकरी नवरा-बायको जोडीने यायचे, कारण दोघांचीही माहिती लागायची. राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे ठसा उमटत नसे. हात धुऊन, पुसून पुन्हा ठेवायला सांगायचो. एक आजी म्हणाल्या, “बाई, शेतात झिजला अंगठा, तर आता शेताचंच कर्ज माफ व्हईना का?” मी त्यांचं बोट धरून यंत्रावर ठेवत होते आणि मला डिसेंबर 2015 ची ती यादी आठवत होती. या आजींचं काम ज्या साइटवर होतं, ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आधी ठरवलेल्या यादीत उद्याची साइट कशी असणार? उघड्या नेटवर मात्र ती निघाली त्या दिवशीच सगळ्यांना सारखी मिळाली.

28 नोव्हेंबर 2017 ला ट्रायने पुढच्या शिफारशी केल्या. 2018 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्या मान्य केल्या आणि पुढे कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींतच तरतूद आली. कंपनीने एखादी साइट अडवायची नाही, मुद्दाम संथ करायची नाही, कुणाला पैसे घेऊन पुढे काढायचं नाही. ठरावीक विशेष सेवांना त्यातून वगळलं आहे. अमेरिकेतल्या नियामकांनी मात्र डिसेंबर 2017 मध्ये आपले असेच नियम रद्द केले. एका चर्चेत अमेरिका मागे गेली आणि भारत पुढे गेला, असं फार वेळा होत नाही. त्यात देशभरच्या लाखो पत्रांचा वाटा होता आणि बेगमपुऱ्यातल्या एका वर्गाची पत्रंही त्यांत होती, याचा मला अभिमान आहे.

कागदावर समान झालेलं नेट रोजच्या जगण्यात समान आहे का, हा प्रश्न मात्र माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. आमच्या शहराने तो फार जवळून पाहिला आहे. मे 2018 मध्ये जुन्या शहरात दंगल झाली तेव्हा इंटरनेट बंद केलं गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत ते बंद झालं. अफवा थांबाव्यात म्हणून हे केलं जातं. दंगलीच्या रात्री अफवा काय करते ते मी याच शहरात अनुभवलं आहे, त्यामुळे त्या काळजीला मी हलकं मानत नाही. पण असा बंद सगळ्यांवर सारखा पडत नाही. अशाच एका दिवशी मोबाइलचं नेट गेलं होतं आणि आमच्या केंद्राची तारेची जोडणी चालू होती. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड होतं त्यांना फारसं काही जाणवलं नाही. खोलीवरच्या मुलांचं सगळं जगणं मात्र फोनवर. मेसला पैसे देता येईनात, अभ्यासाचे व्हिडिओ बंद, एका मुलीच्या परीक्षा शुल्काची शेवटची तारीख. पायरीपासून पुढे रस्त्यापर्यंत मुलं उभी होती. रिक्षावाले विचारत होते, इथे तरी पैसे पाठवता येतील का. मी सगळे संगणक शुल्क आणि अर्जासाठी मोकळे ठेवले आणि त्या दिवशी कुणाकडून तासाचे पैसे घेतले नाहीत.

10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, इंटरनेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं याला घटनेच्या कलम 19 चं संरक्षण आहे, बंद बेमुदत ठेवता येत नाही आणि बंदचे आदेश लोकांसमोर आले पाहिजेत. वर्गात मी हेही शिकवते. कंपनीने भेदभाव केला तर तक्रार कुठे करायची, हे जसं माहीत हवं, तसं नेट बंद झालं तर आदेश कुणी काढला आणि किती वेळासाठी, हे विचारता आलं पाहिजे. एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात हे नाही. तरी मी त्यासाठी वेळ काढते.

आणि कंपन्यांशी चाललेला जुना वादही संपलेला नाही. गेली काही वर्षं दूरसंचार कंपन्या म्हणत आहेत की, ज्या मोठ्या साइटमुळे त्यांच्या जाळ्यावर भार पडतो, त्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला हे रास्त वाटतं. पण डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियात जाळ्याच्या वापराचे असे पैसे साइटकडून घेतले जातात. तिथला खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही व्हिडिओ प्रक्षेपणाची मोठी कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये तो देश सोडून गेली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर बीडच्या शिक्षकाने स्वतःच्या पैशाने चालवलेल्या अभ्यासाच्या साइटचं काय होईल? अमेरिकेत 2024 मध्ये नियम परत आणले गेले आणि 2 जानेवारी 2025 ला तिथल्या न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले. लेखी नियम दोनदा येतो आणि दोनदा जातो, हे आपण डोळ्यांसमोर पाहिलं आहे.

तांड्यावरची ती मुलगी आता एका शाळेत शिकवते. मध्यंतरी तिच्या विद्यार्थ्यांना घेऊन ती विद्यापीठ दाखवायला आली होती, तेव्हा केंद्रात येऊन गेली. तिच्या शाळेतल्या मुलांना कोणीतरी एक ‘शिक्षणाचं फुकट ॲप’ दिलं होतं. तिने पहिल्यांदा विचारलेला प्रश्न असा होता: यातून बाहेरची साइट उघडते का? हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक पालकाने आणि ग्रामपंचायतीने विचारावा, असं मला वाटतं. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही नेटला तो विचारायलाच हवा.

ट्रायची चर्चापत्रं पुढेही येत राहतील. ती लांबलचक असतात, इंग्रजीत असतात आणि मुदत थोडी असते. पण उत्तर कुणीही पाठवू शकतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, उत्तर मराठीत लिहिलं तरी हरकत नाही. पुढचं पत्र येईल तेव्हा मागच्या खोलीतला वर्ग त्यासाठी मोकळा असेल. चर्चापत्राची मराठी टिपणं मी करून ठेवीन. येणाऱ्याने फक्त एक गोष्ट आणावी: त्या आठवड्यात आपण आणि आपल्या घरच्यांनी नेटवर काय काय उघडलं, त्याची यादी.